बाळ दूध टाकतं म्हणून आम्ल का दाबायचं?

दोन महिन्यांचं बाळ पोटभर प्यायलं, आईनं खांद्यावर घेऊन ढेकर काढली, आणि ढेकरेबरोबर फाटलेल्या दुधाची गुळणी तिच्या पाठीवर ओघळली. दिवसातून पाच-सहा वेळा हे होतं. संध्याकाळ झाली की बाळ पाठीची कमान करून, लालबुंद होऊन रडायला लागतं. घरात कुणी म्हणतं पोटात वारा धरलाय, कुणी आईच्या जेवणातल्या डाळीवर बोट ठेवतं. शेवटी दवाखान्यात ‘रिफ्लक्स’ हा शब्द कानावर पडतो आणि ॲसिडिटीचं औषध सुरू होतं. तीन-चार आठवड्यांत रडणं बरंच कमी होतं. सगळे म्हणतात, औषध लागू पडलं.

रडणं कमी झालं यात शंका नाही. पण ते औषधानं कमी झालं का? औषध घेतलेल्या बाळाकडे पाहून हे कधीच कळणार नाही. त्यासाठी अगदी तसंच रडणारं, तसंच दूध टाकणारं, पण औषध न घेतलेलं दुसरं बाळ शेजारी हवं.

एक्याऐंशीपैकी चव्वेचाळीस

अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञ सुसान ओरेनस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. त्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात १६२ तान्ही बाळं होती, सगळी एक वर्षाच्या आतली. दूध प्यायल्यावर तासाभरात रडणारी, कुरकुरणारी आणि पाजण्याच्या पद्धती बदलूनही फरक न पडलेली बाळं त्यांनी निवडली होती. निम्म्यांना लॅन्सोप्राझोल हे आम्ल रोखणारं औषध दिलं, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रव्य. कुणाला काय मिळतंय हे आईवडिलांना माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही.

चार आठवड्यांनी मोजणी झाली. औषध घेतलेल्या ८१ बाळांपैकी ४४ जणांचं रडणं निम्म्यानं किंवा त्याहून जास्त घटलं होतं. औषध न घेतलेल्या ८१ बाळांपैकी किती जणांचं घटलं असेल? तिथेही ४४. दोन्हीकडे ५४ टक्के.

एक फरक मात्र दिसला. औषध घेणाऱ्या गटात १० बाळांना गंभीर त्रास झाले, दुसऱ्या गटात २ बाळांना, आणि त्या त्रासांमध्ये छातीचा संसर्ग ठळक होता.

हा निकाल पहिल्यांदा वाचला की मन तो स्वीकारायला तयार होत नाही. हे औषध आम्ल कमी करतं याबद्दल वाद नाही. मोठ्या माणसांच्या छातीतली जळजळ त्यानं थांबते हे आपण घरोघरी पाहतो. मग बाळांच्या बाबतीत ते काहीच का करत नाही? उत्तर शोधायचं तर आधी बाळाच्या पोटात उतरावं लागेल.

दूध वर येतंच कसं?

घशापासून जठरापर्यंत जाणारी अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथे स्नायूंचं एक कडं असतं. एरवी ते आवळलेलं असतं. घास गिळला की ते सैल होतं, घास आत जातो आणि कडं पुन्हा आवळतं. पण गिळण्याशी काही संबंध नसतानाही ते अधूनमधून काही सेकंद सैल पडतं. जठर ताणलं गेलं की जास्तच. पोटातली हवा बाहेर पडायची वाट तीच, म्हणून तर ढेकर येते. हे मोठ्यांमध्येही रोज घडतं. फक्त आपण तेव्हा बहुधा बसलेले किंवा उभे असतो आणि आपल्या पोटातलं अन्न घट्ट असतं.

बाळाची परिस्थिती वेगळी आहे. त्याचं सगळं अन्न पातळ. दिवसाचा बराचसा वेळ ते आडवं. अन्ननलिका अगदी आखूड, त्यामुळे वर आलेलं दूध मध्येच थांबून परत फिरेल एवढी जागाच नाही. आणि पोटात जाणारं दूध किती? तान्हं बाळ वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण १५० मिलिलिटर दूध पितं. साठ किलोच्या माणसाला हेच प्रमाण लावलं तर त्याला रोज नऊ लिटर दूध प्यावं लागेल, तेही मुख्यतः आडवं पडून. एवढं झाल्यावर थोडं दूध बाहेर येणारच.

शिकागो परिसरातल्या ९०० हून अधिक पालकांना विचारून केलेली एक पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांपर्यंतची निम्मी बाळं रोज किमान एकदा दूध टाकत होती. चौथ्या महिन्यात हे प्रमाण ६७ टक्क्यांवर पोहोचलं होतं. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत ते अवघं ५ टक्के उरलं. बाळ बसायला लागतं, वरणभात खायला लागतं, उभं राहतं आणि दूध वर येणं आपोआप थांबत जातं. दूध टाकणाऱ्या बाळाचं वजन नीट वाढत असेल आणि ते एरवी खेळत-हसत असेल, तर त्याला आजार म्हणायचं कारण नाही.

आता औषध काय करतं ते पाहू. लोटाभर लिंबाचं सरबत हिंदकळून सांडत असेल, तर त्यात लिंबू कमी पिळल्यानं ते सांडायचं थांबत नाही. आम्ल दाबणारं औषध लिंबू कमी पिळतं. स्नायूंचं कडं सैल पडायचं तेव्हा पडतंच, दूध वर यायचं तेव्हा येतंच. ते फक्त कमी आंबट असतं.

मुळात ते किती आंबट असतं?

यावर कुणी म्हणेल, दूध येऊ द्या वर, पण आंबट तरी येऊ नये; त्या आंबटपणानंच बाळाची छाती जळते ना? युक्तिवाद सरळ आहे, पण दुधाचा एक गुण त्यात सुटतो. दूध आम्लाला शमवतं. पोटभर प्यायल्यावर सुमारे दोन तासांपर्यंत बाळाच्या जठरातला आंबटपणा बराच उतरलेला असतो. बाळ दर दोन-तीन तासांनी पितं, म्हणजे दिवसातला मोठा वेळ त्याच्या पोटात हे नैसर्गिक शामक असतंच. प्यायल्यानंतर लगेच जे वर येतं त्यातलं बरंचसं फार आंबट नसतं. जे आधीच फारसं आंबट नाही त्याचा आंबटपणा कमी करून बाळाला काय मिळणार?

आईबाबांना घाबरवते ती दह्यासारखी गुठळी. ‘दूध पोटात फाटतंय, म्हणजे पित्त झालंय,’ असं सहज म्हटलं जातं. वास्तविक दूध जठरात फाटायलाच हवं. आम्ल आणि पाचकरस मिळून दुधातल्या प्रथिनांची गुठळी बनवतात, तेव्हाच ती पुढे नीट पचतात. वर आलेलं दूध फाटलेलं दिसलं, तर पचन सुरू झालं होतं एवढाच त्याचा अर्थ.

आणि आम्ल वर येणं हेसुद्धा बाळांमध्ये नित्याचंच आहे. बेल्जियममधले इव्हान व्हान्डेनप्लास यांनी पाचशेहून अधिक निरोगी बाळांच्या अन्ननलिकेत बारीक नळी ठेवून चोवीस तास मोजमाप केलं. कुठलीही तक्रार नसलेल्या या बाळांमध्ये दिवसाला सरासरी तीसेक वेळा आम्ल वर येत होतं.

रडण्याचा आणि आम्लाचा संबंध थेट तपासणारा एक छोटा पण फार बोलका अभ्यास ऑस्ट्रेलियातला आहे, २००३ सालचा. त्यात खूप रडणारी ३० बाळं होती. प्रत्येक बाळाला दोन आठवडे ओमेप्राझोल आणि दोन आठवडे खोटं औषध दिलं गेलं, कुणाला आधी हे, कुणाला आधी ते. औषधाच्या दोन आठवड्यांत अन्ननलिकेतलं आम्ल स्पष्टपणे घटलं. रडणंही घटलं, पण ते आधी कोणतं औषध दिलं याची पर्वा न करता, आठवड्यांमागून आठवडे घटत गेलं. आम्ल गेलं तरी रडणं त्याच्या मागोमाग गेलं नाही.

मग रडणं कमी कशानं झालं?

वयानं. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ८० निरोगी बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. जन्मानंतर रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते दिवसाला पावणेतीन तासांच्या आसपास पोहोचतं आणि मग उतरायला लागतं. संध्याकाळी जास्त रडणं हेही त्यात दिसलं. तीन-चार महिन्यांत ही लाट ओसरते. पुढे इतर देशांतही साधारण असाच चढउतार दिसला आहे.

आता विचार करा, आईबाबा दवाखान्यात केव्हा जातात? रडणं अगदी असह्य झालं की. म्हणजे बहुधा लाटेच्या माथ्यावर. त्या दिवशी कोणतंही औषध सुरू केलं, तरी पुढचे तीन आठवडे उताराचेच असणार. ॲसिडिटीचे ड्रॉप्स असोत, ग्राइप वॉटर असो की आजीची बाळगुटी, श्रेय ज्याला त्याला मिळतं. यात आईबाबा भाबडे आहेत असं मुळीच नाही. रात्र रात्र जागलेल्या माणसाला उतार दिसला की तो त्याआधी केलेल्या शेवटच्या गोष्टीलाच धन्यवाद देणार. डॉक्टरांचंही तसंच होतं. समोर बसलेल्या आईच्या डोळ्यांखालची वर्तुळं दिसत असताना ‘काही देऊ नका, थांबा’ म्हणणं फार अवघड असतं, आणि औषध दिलेली बाळं बरी होऊन परत येतात हा त्यांचाही रोजचा अनुभव असतो.

आजाराचं नाव एकदा दिलं की काय होतं, हे अमेरिकेत १७५ पालकांवर तपासलं गेलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पालकांना एका काल्पनिक बाळाचं वर्णन दिलं होतं. दूध टाकणारं, रडणारं, पण बाकी ठणठणीत बाळ. काहींना सांगितलं की याला ‘जीईआरडी’, म्हणजे रिफ्लक्सचा आजार आहे. काहींना आजाराचं नाव सांगितलंच नाही. नाव न ऐकलेल्या पालकांना जेव्हा कळलं की औषधाचा उपयोग होत नाही, तेव्हा त्यांची औषधाची ओढ कमी झाली. नाव ऐकलेल्यांची मात्र तेवढीच राहिली. उपयोग होत नाही हे कळूनही त्यांना औषध हवं होतं.

अशा वातावरणात औषधांचा वापर वाढत जातो. अमेरिकेतल्या चार मोठ्या आरोग्य विमा योजनांच्या नोंदींनुसार १९९९ ते २००४ या काळात तान्ह्या बाळांना लॅन्सोप्राझोल-ओमेप्राझोलसारखी, प्रोटॉन पंप रोखणारी औषधं देण्याचं प्रमाण सातपटीहून जास्त वाढलं होतं. या वयात आम्लाचे आजार सातपट वाढले नव्हते.

आम्ल पोटात कशासाठी असतं?

औषधानं फायदा नाही, पण तोटाही नाही, असं असतं तर हा लेख लिहिण्याची गरज नव्हती. देऊन बघू, असं म्हणता आलं असतं. पण जठरातलं आम्ल निसर्गानं उगाच ठेवलेलं नाही.

जठराच्या भिंतीतल्या काही पेशी आम्ल तयार करतात. त्यांच्या पृष्ठभागावर सूक्ष्म पंप असतात. ते हायड्रोजनचे कण जठरात ढकलतात आणि बदल्यात पोटॅशियमचे कण आत घेतात. हिस्टामिन हे रसायन या पेशींना कामाला लावतं. रॅनिटिडिन, फॅमोटिडिन यांसारखी औषधं हिस्टामिनचा संदेश पेशीपर्यंत पोहोचू देत नाहीत. ओमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल, इसोमेप्राझोल ही त्याहून जोरकस; ती थेट पंपालाच चिकटून तो बंद पाडतात. बंद पडलेला पंप पुन्हा चालू होत नाही, पेशीला नवा बनवावा लागतो. म्हणून या औषधांचा परिणाम दिवसभर टिकतो.

तोंडातून पोटात जाणाऱ्या जंतूंसाठी हे आम्ल पहिला अडथळा. बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती अजून कच्ची असते, त्या वयात हा अडथळा फार मोलाचा. इटलीत रॅनिटिडिन किंवा ओमेप्राझोल घेणाऱ्या लहान मुलांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. औषध सुरू होण्याआधीच्या चार महिन्यांत त्यातल्या २० टक्के मुलांना जुलाब-उलट्यांचा आजार झाला होता. नंतरच्या चार महिन्यांत ४७ टक्क्यांना झाला. न्यूमोनिया २ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं चित्र याहून काळजीचं आहे. इटलीतल्याच २०१२ सालच्या अभ्यासात, फार कमी वजनाच्या नवजात बाळांपैकी रॅनिटिडिन मिळालेल्यांमध्ये संसर्गाचं प्रमाण ३७ टक्के आढळलं, न मिळालेल्यांमध्ये १० टक्क्यांच्या आत. आतड्याचा भाग मरण्याचा जीवघेणा आजारही त्यांच्यात कितीतरी जास्त दिसला.

आम्लाचं दुसरं काम पचनाचं आणि शोषणाचं. प्रथिनं नीट तुटावीत, कॅल्शियम आणि लोह अंगी लागावं, यात त्याचा हात असतो. अमेरिकी सैनिकांच्या मुलांच्या नोंदींवर दोन मोठे अभ्यास झाले. सुमारे आठ लाख मुलांच्या पहिल्या अभ्यासात, आयुष्याच्या पहिल्या सहा महिन्यांत आम्ल दाबणारी औषधं मिळालेल्या मुलांमध्ये पुढे अन्नाची ॲलर्जी दुपटीहून जास्त आढळली. दुसऱ्यात, प्रोटॉन पंप रोखणारी औषधं पहिल्या वर्षात मिळालेल्या मुलांमध्ये हाड मोडण्याचं प्रमाण वीस टक्क्यांहून थोडं जास्त निघालं. हे अभ्यास नोंदींवरचे आहेत. औषधामुळेच हे झालं असं ते ठामपणे सिद्ध करत नाहीत, कारण औषध मिळालेली मुलं मुळातच थोडी वेगळी असू शकतात. तरीही फायदा शून्य असलेल्या औषधाच्या बाबतीत एवढी शंकासुद्धा मला पुरेशी वाटते.

चौकट : या खुणा दिसल्या तर थांबू नका

• उलटी हिरवी असेल किंवा तिच्यात रक्त असेल
• दुसऱ्या आठवड्यापासून दुसऱ्या महिन्यापर्यंत कधीही, प्रत्येक पाजण्यानंतर दूर उडणारी जोराची उलटी होऊ लागली
• वजन वाढत नाही किंवा उतरतंय
• पोट ताठ फुगलंय, शौचातून रक्त जातंय
• ताप, सुस्ती, टाळू फुगलेली
• बाळ दूध प्यायलाच नकार देतंय, पिताना ठसकतंय किंवा निळं पडतंय
• दूध टाकणं सहा महिन्यांनंतर नव्यानं सुरू झालं किंवा वर्ष-दीड वर्षानंतरही टिकून राहिलं

यांपैकी काहीही असेल तर कारण शोधणं महत्त्वाचं. आम्लाचं औषध देऊन वाट पाहण्यात वेळ जातो.

औषध कुणाला लागतं?

काही बाळांना ते खरोखर लागतं. दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेला आम्लानं जखमा झालेल्या दिसल्या तर औषध द्यायलाच हवं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०११ साली एक महिना ते एक वर्षाच्या बाळांसाठी इसोमेप्राझोलला परवानगी दिली, ती याच कारणासाठी. जन्मतः अन्ननलिका अर्धवट असल्यानं शस्त्रक्रिया झालेली किंवा मेंदूच्या आजारामुळे स्नायूंवर ताबा नसलेली बाळंही यात येतात. ब्रिटनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की नुसतं दूध वर येतंय म्हणून ही औषधं देऊ नका. त्याच्या जोडीला पिण्यात अडचण, सतत अस्वस्थता किंवा खुंटलेली वाढ असेल तर चार आठवडे देऊन पाहण्याचा विचार करावा. उत्तर अमेरिका आणि युरोपच्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०१८ च्या संयुक्त सूचना आणखी कडक आहेत : बाकी निरोगी बाळ केवळ रडतं किंवा दूध टाकतं म्हणून ही औषधं नकोत.

त्या सूचनांमधला एक मुद्दा आपल्याकडे फार कमी घरांत पोहोचला आहे. रडणं, दूध टाकणं, अंगावर चट्टे, शौचात चिकट किंवा रक्ताचे धागे असं सगळं एकत्र असेल, तर गायीच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते. बाळ अंगावर पीत असेल तर आईनं दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर पूर्ण बंद करून पाहायचं. वरचं दूध पीत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं खास फॉर्म्युला द्यायचा. फरक पडला नाही तर आईनं पुन्हा सगळं खायला लागायचं. बाळंतिणीला कारण नसताना उपाशी ठेवू नये.

घरी काय करता येतं

पाजल्यावर वीस-तीस मिनिटं बाळाला उभं धरा. मध्येमध्ये ढेकर काढा. बाटलीनं पाजत असाल तर एका वेळचं दूध थोडं कमी करून पाळ्या वाढवा. बाटली संपलीच पाहिजे हा आग्रह सोडा. घरात कुणी धूम्रपान करत असेल तर ते बाळाच्या आसपास नको. झोपवायचं मात्र उताणंच, सपाट गादीवर. उशी लावून डोकं उंच करण्यानं फायदा होत नाही आणि पालथं झोपवण्यात अचानक मृत्यूचा धोका असतो. उताणं असताना दूध श्वासनलिकेत जाईल ही भीती बहुतेकांना वाटते. पण उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला येते, त्यामुळे वर आलेलं दूध खालच्या नळीतच राहतं. बाळगुटीत मध असेल तर ती वर्षाच्या आत चाटवू नका; मधातले जंतू तान्ह्या बाळाच्या आतड्यात घातक विष तयार करू शकतात.

औषध आधीच सुरू असेल तर

बाटलीवरचं नाव पाहा. रॅनिटिडिन असेल तर त्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला. त्यात कर्करोगाची शक्यता वाढवणारं एक अशुद्ध द्रव्य तयार होतं असं लक्षात आल्यावर अमेरिकेनं एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावलं. भारतानं २०२२ साली अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते वगळलं. वगळणं म्हणजे बंदी नव्हे, त्यामुळे दुकानात ते मिळू शकतं. डॉमपेरिडोन असेल तर ते आम्लाचं औषध नाही. ते जठर लवकर रिकामं करण्यासाठी देतात आणि हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. ब्रिटनमध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना ते देण्याची परवानगी २०१९ साली काढून घेतली गेली.

ओमेप्राझोलसारखं औषध असेल तर ते कशाच्या आधारावर दिलं, किती दिवसांसाठी आणि परत तपासणी केव्हा, हे तीन प्रश्न विचारा. मोठ्यांची गोळी घरी कुटून दुधात मिसळू नका. हे औषध आम्लात टिकत नाही, म्हणून त्याच्या कणांवर वेगळं आवरण दिलेलं असतं. कुटल्यावर ते मोडतं.

बंद करतानाही डॉक्टरांना विचारूनच करा. काही आठवडे रोखून धरलेलं जठर औषध थांबल्यावर काही काळ नेहमीपेक्षा जास्त आम्ल तयार करू शकतं. डेन्मार्कमध्ये कुठलाही त्रास नसलेल्या १२० प्रौढांवर हे पाहिलं गेलं : आठ आठवडे इसोमेप्राझोल घेऊन थांबवल्यावर ४४ टक्के जणांना जळजळ किंवा आंबट ढेकरा सुरू झाल्या, खोटं औषध घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण १५ टक्के होतं. बाळही त्या दिवसांत किरकिरं होऊ शकतं, आणि मग ‘पाहा, औषधाशिवाय चालतच नाही’ म्हणून तीच बाटली पुन्हा उघडली जाते. डोस हळूहळू उतरवत आणायचा का, आणि मधल्या दिवसांत किती किरकीर चालवून घ्यायची, हे डॉक्टरांकडून आधीच समजून घ्या.